फळीवरचे पाच भोपळे

त्या उन्हाळ्यात आमच्या स्वयंपाकघराच्या फळीवर पाच लाल भोपळे होते, आणि माझी धाकटी बहीण शकू दिवेलागणीला भिंती चाचपत चालत होती. खरं तर सगळं या एका वाक्यात आलं. पुढचं लिहिते आहे ते मन शांत व्हावं म्हणून नाही. शांत व्हायचं वय कधीच होऊन गेलं, राग काही गेला नाही, आणि आता तो जावा असं मला वाटतही नाही.

आमचं गाव लोहा तालुक्यातलं. आबा रेल्वेच्या रूळ सांभाळणाऱ्या गँगवर होते, किनवटच्या बाजूला, रानातून जाणाऱ्या लाईनवर. महिना-दीड महिन्यानं यायचे, दोन दिवस राहायचे, शेताचं काय ते बघून परत जायचे. थोरला दादा लातूरला कॉलेजात होता. म्हणजे घरात आम्ही चार बायकाच. आई, मी, शकू आणि सोजरआत्या. मी बारा वर्षांची, शकू पाचाची. सोजरआत्या आबांची थोरली बहीण. तिचा नवरा वारला, त्याच्या आधी तिचा एकुलता एक मुलगा गेला होता, आणि सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं होतं. घर तिच्या शब्दावर चालायचं. आई घरात असायची, पण तिचा आवाज नसायचा. मला आईचा त्या काळातला आवाज आठवायचा म्हटलं तर जात्याची घरघर आणि तव्यावर भाकरी पडताना होणारी ती एक मऊ थाप, एवढंच आठवतं.

जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी आणि ठेचा. पावसाळ्यात अंबाडी, तांदूळजा असं काही रानातून यायचं, हिवाळ्यात मेथी. उन्हाळ्यात काही नाही. भाकरी, ठेचा आणि तुरीचं पातळ वरण, तेही इतकं पातळ की ताटलीचा तळ दिसावा. म्हैस होती, पण सकाळचं दूध डेअरीला जायचं आणि संध्याकाळच्या दुधाचं तूप व्हायचं. ते तूप डब्यात भरून लातूरला. दादाला अभ्यास होता, अभ्यासाला डोकं लागतं आणि डोक्याला तूप लागतं, हा आत्याचा हिशेब. आम्हा पोरींच्या भाकरीवर तूप पडल्याचं मला आठवत नाही. लोणी कढवलं की तळाची बेरी मात्र आम्हाला मिळायची, त्यावर आम्ही दोघी भांडायचो. आज मला माहीत आहे की त्या डब्यात शकूचे डोळे लातूरला जात होते. तेव्हा मी तो डबा डोक्यावर घेऊन एस.टी.च्या थांब्यापर्यंत पोचवायला जायचे, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

शाळेत वाघमारे गुरुजी होते. त्यांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, बुद्धविहाराजवळ. काळेसावळे, सडसडीत, पांढरा शर्ट कोपरापर्यंत दुमडलेला, आणि नखांत कायम माती. शाळेमागच्या पडीक जागेत त्यांनी बाग केली होती. प्रत्येकाला एक वाफा. पाणी कुठून आणायचं? तर दुपारची भाकरी खाऊन झाल्यावर सगळ्यांनी आपापल्या वाफ्यावरच हात धुवायचे. साठ-सत्तर पोरांच्या हात धुण्यावर ती बाग उभी राहिली, यावर आता कुणाचा विश्वास बसत नाही. सुरुवातीला बायका चिडल्या. "खुरपायलाच लावायचं तर शाळेत कशाला धाडू? खुरपं घरी हायेच की," असं आमची शेजारीण शाळेत येऊन बोलून गेली. गुरुजी हसले आणि तिच्या पोराच्या वाफ्यातली मुळ्याची जुडी तिच्या हातात दिली. ती जुडी तिनं नेली, पण वाटेत गटारात टाकली हे मी पाहिलंय. मुळा कुणाच्या हातचा होता ते तिला माहीत होतं ना.

सोमवारी सकाळी पहिला तास ताटाचा असायचा. पाटीवर एक मोठा गोल काढायचा आणि काल आपण काय काय खाल्लं ते त्यात काढायचं. गुरुजींनी कुठूनतरी रंगीत खडू आणले होते. आम्ही सगळे पांढऱ्या खडूनं भाकरी काढायचो आणि कडेला लाल खडूचा एक ठिपका, तो ठेचा. गुरुजी एकेका पाटीजवळ थांबायचे आणि एवढंच म्हणायचे, "हिरवं कुठंय? पिवळं कुठंय?" कधी ओरडले नाहीत. हिरवा आणि पिवळा खडू डबीत तसाच न झिजलेला पडून असायचा, त्याचीच लाज वाटायची. मग बागेतलं एक नवीन पान प्रत्येकानं चावून खायचं आणि ते हिरवं पाटीवर काढायचं. मी या ताटाच्या तासाला कायम पहिली. कोणत्या भाजीनं रक्त होतं, कशानं हाडं, कशानं डोळे, हे मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर गुरुजींनी आम्हाला घरी लावायला लाल भोपळ्याचं बी दिलं. म्हणाले, "उन्हाळ्यात शाळेची बाग वाळणार. रानात हिरवं पान राहणार नाही. भोपळा तेवढा घरात टिकतो. हा तुमचा उन्हाळ्याचा पिवळा खडू." आत्यानं विचारलं, बी कुठलं? मी सांगितलं, लोह्याच्या बाजारातलं. खोटं बोलले. खरं सांगितलं असतं तर तिनं ते चुलीत घातलं असतं. उकिरड्याच्या कडेला लावलेला तो वेल गोठ्याच्या छपरावर चढला आणि त्याला पाच भोपळे धरले. आत्या रोज त्यांना न्याहाळायची, दृष्ट लागू नये म्हणून एकावर काजळाचं बोट लावायची. हिवाळ्यात ते उतरवले, फळीवर ओळीनं मांडले. उन्हाळ्यासाठी राखायचे म्हणून आबा येऊन गेले तेव्हाही चिरले नाहीत. आणि उन्हाळा लागला तरी ते तिथंच बसले.

कारण आमच्याकडे बाईनं भोपळा चिरायचा नाही. अख्खा भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा. त्याला पहिली सुरी पुरुषानं लावायची. पुढच्या फोडी बाईनं केल्या तर चालतं, पण पहिला घाव बाईचा पडला तर मुलाच्या जिवावर येतं. कुठल्या गावात कुणीही पुरुष चालतो, शेजारचं शेंबडं पोरगंसुद्धा चालतं. आत्याचा नियम कडक होता. घरचाच पुरुष पाहिजे. आणि तिचा नियम असा का, हे सगळ्या गावाला माहीत होतं. सासरी असताना तिनं एकदा घाईत, पाहुणे दारात आलेले म्हणून, भोपळा स्वतः चिरला होता. त्याच महिन्यात तिचा मुलगा तापानं गेला. "तूच खाल्लास त्याला," असं तिच्या सासूनं तिला तेराव्याच्या पंगतीत सर्वांदेखत म्हटलं होतं. तिनं ते खरं मानलं. मरेपर्यंत खरं मानलं. मी आत्यावर फार वर्षं रागावले होते. आता मला राग येतो तो त्या पंगतीतल्या लोकांचा, जे ऐकून घेऊन जेवत राहिले.

शिमग्यानंतर शकूचं संध्याकाळचं दिसणं कमी झालं. गुरं घरी यायच्या वेळेला ती खेळ सोडून उंबऱ्यावर येऊन बसायची आणि मग हलायची नाही. आम्हाला वाटलं, भ्यायली असेल. एकदा जेवताना तिचा हात ताटलीच्या बाजूला, शेणानं सारवलेल्या जमिनीवर भाकरी शोधत फिरत होता. आत्या हसली, "आंधळी कोशिंबीर खेळून राहिली का गं?" शकूही हसली. तिला वाटायचं, संध्याकाळी सगळ्यांनाच दिसत नाही. माझ्या परकराचं टोक धरून ती म्हणायची, "ताई, तुला कसं गं वाट सापडती?"

मी गुरुजींना सांगितलं. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "मंगल, तिला लोह्याच्या दवाखान्यात न्यायला सांग. आणि दवाखान्यात जाईपर्यंत थांबू नका. भोपळा चिरा, आजच चिरा. थोडं तेल घालून शिजवा, रोज खाऊ घाला." मी घरी येऊन सांगितलं. दवाखान्यात आबा आल्यावर नेऊ, असं ठरलं. भोपळाही आबा आल्यावर. दादाची परीक्षा आहे, त्याला कळवायचं नाही, असं आत्यानं बजावलं होतं, म्हणून आईच्या सांगण्यावरून मी आबांना कार्ड लिहिलं. मजकूर मला अजून पाठ आहे. "शकूला सांजच्याला दिसत नाही. भोपळे पिकले आहेत. तुम्ही लवकर या." गँग लाईनीवर पुढे हलली होती, कार्ड मागे राहिलं.

आठ-दहा दिवस गेले आणि गुरुजी स्वतः आमच्या घरी आले. त्याआधी ते कधी आमच्या वाटेला आले नव्हते. अंगणातच उभे राहिले. आईनं दाराआडून पाहिलं, आत्या बाहेर आली. गुरुजींनी शकूला जवळ बोलावलं, खाली बसून तिच्या पापण्या वर करून डोळे पाहिले. डोळ्याच्या पांढऱ्यावर साबणाच्या फेसासारखं काहीतरी होतं, ते त्यांनी आत्याला दाखवलं.

"बाई, उशीर करू नका. पोरीची नजर जाईल," ते म्हणाले. "घरी पुरुष न्हाई म्हणून अडलंय, मंगलनं सांगितलं मला. एक सुरी नाही तर विळा द्या. मी इथंच, अंगणात चिरून देतो. पुढचं तुम्ही करा."

आत्यानं शकूला आपल्यामागे घेतलं. मग म्हणाली, "मास्तर, तुम्ही शाळेत शिकवा. आमच्या घरच्या भोपळ्याला आमच्या घरचाच हात लागंल. तुमचा कसा लागंल?"

"हात नका लावू देऊ. सुरी लावतो नुसती."

"न्हाई म्हटलं ना. लई बोलू नका."

भोपळा कापायला पुरुष पाहिजे होता. पुरुष अंगणात उभा होता. पायात चप्पल, खिशाला पेन, अख्ख्या गावात शकूच्या डोळ्यात वाकून बघणारा एकटा माणूस. त्याला आईनं पाणी दिलं ते वेगळ्या ठेवलेल्या जर्मनच्या पेल्यात, न शिवता वरून ओतून. त्यानं ते प्यायलं नाही, पेला तसाच ओट्यावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. तो नुसता बघत होता, की हिला समजतंय ना. मला समजत होतं. मी मान खाली घातली. लिहिताना आजही माझे कान तापतात. आत्या अडाणी होती, जळलेली होती. मी कोण होते? मी ताटांत पहिली येणारी होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या आणि आई शेतात गेल्या होत्या. शकू ओसरीवर निजली होती. मी फळीवरून सगळ्यात लहान भोपळा उतरवला, विळी घेतली, पाट पुढे ओढला आणि बसले. भोपळा पात्यावर ठेवला. दोन्ही हातांनी जोर लावायचा, एवढंच राहिलं होतं. आणि मला दादा दिसला. लातूरच्या खोलीत बसून वाचणारा, सुट्टीत येताना माझ्यासाठी पेन्सिली आणणारा, मला सायकलवर पुढे बसवून नदीला नेणारा दादा. मला वाटलं, मी दाबलं आणि तिकडे तो खाली पडला तर? सगळे धडे मला येत होते. भोपळ्यानं डोळे सुधारतात हेही मला येत होतं आणि भोपळ्यानं दादा मरतो हेही. दोन्ही मी तितकंच खरं मानत होते. कितीतरी वेळ मी तशीच बसले, पात्यानं सालीवर एक बारीक चरा पडला, त्या चऱ्यालाच मी घाबरले. भोपळा पुसला आणि चरा भिंतीकडे करून फळीवर परत ठेवला. शकू निजलेलीच होती.

त्या आठवड्यात शकूला गोवर निघाला. गोवर म्हणजे आमच्याकडे देवी अंगात आली. मग घरात फोडणी नाही, चिरणं नाही, परकं माणूस नाही, दवाखाना तर नाहीच. दाराला लिंबाचा डहाळा लागला. दवाखाना आता नदीच्या पलीकडे असल्यासारखा लांब गेला. ताप उतरला तेव्हा शकूच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं होतं. काळ्यावर पांढरा ठिपका, ज्वारीच्या दाण्याएवढा. ती आरसा मागत होती आणि आत्या तो देत नव्हती.

आबा आले ते त्यानंतर चार दिवसांनी. आल्या आल्या त्यांना आधी भोपळा चिरायला सांगितलं. त्यांनी कुऱ्हाडीनं एका घावात दोन तुकडे केले. किती वेळ लागला म्हणाल तर पिशवी खांद्यावरून उतरवायला लागतो तेवढा. आत केशरी रंग असा की अख्ख्या घरात उजेड पडावा. मग शकूला लोह्याला नेलं. डॉक्टरांनी औषध दिलं, उजवा डोळा वाचला, डावा गेला. त्यांनी आबांना विचारलं, पंधरा दिवस आधी का नाही आणली? आबांनी काय सांगावं? ते म्हणाले, "मी घरी नव्हतो साहेब." जसं काही घरात माणूसच नव्हतं.

शकू पुढे महिनाभर भोपळा खात होती. जेठात ती संध्याकाळी एकटी विहिरीपर्यंत जाऊन आली आणि सगळ्यांना सांगत सुटली. आत्यानं खंडोबाला बोललेला नवस फेडला. उजवा डोळा देवानं वाचवला, डावा गोवरानं नेला, असं घरात ठरलं. भोपळ्याचं नाव कुणी घेतलं नाही. गुरुजींचं तर नाहीच. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत दादा लातूरलाच राहिला होता; दिवाळीला आला, शकूचा डोळा पाहिला, मला गोठ्यात नेऊन सगळं विचारलं. मी चऱ्यासकट सगळं सांगितलं. जाताना तुपाचा डबा त्यानं ओट्यावरच ठेवला, आणि पुन्हा कधी नेला नाही. आत्या दोन दिवस जेवली नाही. पण तोवर काय उपयोग होता.

डोळ्यात फूल असलेली पोर म्हणून शकूला देगलूरकडच्या एका बिजवराला दिली. माणूस बरा निघाला, हे नशीब. मी डी.एड. केलं, शिक्षिका झाले, आणि जिथं जिथं बदली झाली तिथं सोमवारचा पहिला तास ताटाचा ठेवला. गुरुजींना मी एकदा भेटले, ते निवृत्त झाल्यावर, नांदेडला त्यांच्या मुलाकडे. मी माफी मागायला गेले होते. त्यांनी मला बोलूच दिलं नाही, विचारलं, "हिरवा खडू संपतो का आता?" मी म्हटलं, संपतो. ते खोटं होतं. आता पोरांच्या ताटात भाकरीऐवजी पाच रुपयांची कुरकुरीत पुडी असते, आणि तिला कोणता खडू लावायचा ते मलाही कळत नाही.

यंदाच्या हिवाळ्यात माझ्या नातीच्या नांदेडच्या शाळेत परसबागेचा कार्यक्रम होता. पोरांनी गच्चीवर कुंड्यांत, पोत्यांत भाज्या लावल्या होत्या. जुनी शिक्षिका म्हणून मला बोलावलं. शकू आली होती माझ्याकडे, तिलाही नेलं. पोरांनी पिकवलेला लाल भोपळा टेबलावर ठेवला होता, त्याची भाजी शाळेच्या जेवणात होणार होती. फलकावर डोळ्याचं चित्र, खाली जीवनसत्त्वाचं नाव. बागेची जबाबदारी असलेली बाई हुशार, विज्ञान शिकलेली, पोरांना तिनं सगळं छान समजावून सांगितलं. मग तिनं सुरी उचलली आणि हसून कारकुनाला म्हणाली, "सर, जरा पहिली सुरी तुम्ही लावता का? आमच्या घरी चालत नाही हो."

पोरं हसली. मुलींनी ऐकलं. मी बघत होते, समोर बसलेल्या पाच-सहा मुलींनी ते नीट ऐकून आत ठेवून घेतलं, जसं मी ठेवलं होतं. माझ्या डोक्यात असा संताप चढला की उठायलाच येईना. पण शकू उठली होती. पदर खोचून ती टेबलापाशी गेली आणि त्या बाईच्या हातातून सुरी घेतली.

"आण इकडं," ती म्हणाली, आणि भोपळ्यावर सुरी ठेवून तिनं दोन्ही हातांनी दाबली. एका दमात चिरला नाही. वय झालंय. तिसऱ्या दाबाला तो उघडला. पोरं टेबलाभोवती गोळा झाली.

"ताई," शकू माझ्याकडे न बघता म्हणाली, "लातूरला दादाला फोन लाव. हाय का बघ."

कुणाला काही कळलं नाही. मी फोन लावला. दादाला आता ऐंशी होत आली, फोन उचलायला वेळ लागतो. घंटी वाजत राहिली, आणि खोटं कशाला सांगू, तेवढ्या वेळात मी पुन्हा विळीपुढे बसलेली बारा वर्षांची पोर झाले. या वयात, इतकं शिकून. त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. मग पलीकडून त्याचा खोकला ऐकू आला. शकूनं फोन हातातून घेतला.

"दादा, शकू बोलून राहिली. काही न्हाई, भोपळा चिरला मी. माझ्या हातानं. तू हायेस नव्हं?"

मग त्याचा आवाज फाटल्यासारखा आला, टेबलाजवळच्या पोरांनाही ऐकू गेला. "हाव. हाय मी."

"मग जेव," शकू म्हणाली, फोन मला दिला आणि पोरींना विचारलं, फोडी कोण कोण करणार.